बर्फात मीठ मारून ठेवलेलं दूध

काय सांगू तुमाला, बसा आधी, पंखा लावते. आय पोराला घेऊन जेट्टीवर गेलीय, त्याला रोज होड्या बघायच्या असतात, तोवर सांगते. आय म्हनजे माझी सासू. ती आली की मी गप्प होनार, मग तुमी पन काय विचारू नका, चहा प्या आनि दुसरं काय तरी बोला.

माझं नाव रेश्मा, माहेर सारसोळ्याचं. आता नेरूळच्या बिल्डिंगींनी चारी बाजूंनी वेढलंय ते गाव, पन माझ्या लहानपनी घराच्या मागनं खाडी दिसायची, बाबा होडी घेऊन जायचे, कोलंबी, बोईट, नशीब असलं तर एखादा जिताडा, आनि आई मार्केटात विकायला बसायची. आमच्या घरात फ्रिज यायच्या आधी, टीवी यायच्या आधी थर्माकोलचा खोका आला. बर्फाची लादी आनायची, गोनपाटात गुंडाळायची आनि दांडक्यानं फोडायची हे काम माझं, शाळेला जायच्या आधी. हात बधिर व्हायचे, मग वर्गात पेन धरता यायचा नाय, बाई ओरडायच्या अक्षर असं काय काढतेस म्हनून. आता बाईंना काय सांगू, बर्फ फोडून आलीय. तर बर्फ मला नवीन नाय, बर्फातच वाढली मी, आनि त्याच बर्फानं पुढं... थांबा, असं मधूनच नको, सुरवातीपासनं सांगते.

लग्न करून दिवाळे गावात आली, हरेशच्या घरी. नवऱ्याला मी नावानं हाक मारते, आयला सुरवातीला ते खपायचं नाय, बोलायची आमच्या टायमाला नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखान्यात, आनि मी बोलायची, आय, रोज उखाना घेत बसली तर होडीला उशीर होईल त्याच्या. मग हसायची. तोंडानं फटकळ हाय ती, मी पन काय कमी नाय, त्यामुळं आमचं जमलं. हरेश लहान असतानाच त्याचे वडील गेले, तेव्हापासनं तिनं एकटीनं बेलापूरच्या मार्केटात बसून घर चालवलं. नळाजवळची कोपऱ्याची जागा तिची. तिचा माल नरम पडलेला कुनी बघितला नाय, गिऱ्हाईक बोटानं दाबून बघायचं आनि गप्प पिशवी उघडायचं. कारन काय, तर बर्फ. कुठल्या माशाला बारीक, कुठल्याला जाडा, पानी कधी काढून द्यायचं, सगळं तिच्या हातात बसलेलं. संध्याकाळी उरलेला माल घरी आनायची, वितळलेलं पानी ओतायची, नवा बर्फ घालायची आनि वरनं जाडं मीठ मारायची, मीठ मारलं की बर्फ जास्त थंडी पकडतो, कुल्फीवाले मारतात तसं, आनि सकाळी मासा परत दगड. परत मार्केटात. अगदीच राहिला तर मीठ लावून उन्हात सुकवायचा, पन फेकायचा नाय. माल फेकायचा हे तिला ठावंच नाय. हे लक्षात ठेवा तुमी, पुढं लागनार हाय.

मी मात्र मासळीची पाटी घेतली नाय डोक्यावर. बारावी झाली होती, महापेला कंपनीत लागली, गोळ्यांच्या पाकिटांची पॅकिंग, डोक्याला टोपी, हातात ग्लोव्हज, कंपनीची बस न्यायला येते नि सोडते. बरीच वर्षं पोरबाळ काय झालं नाय. गावातल्या बायका विचारायच्या, काय गो, काय हाय का नाय, आनि आय त्यांना तिथंच झाडायची, तुमच्या घरची कामं संपली काय, माझ्या सुनेच्या पोटात काय बघताव. मला बरं वाटायचं. आनि मग पोट राहिलं. आयनं एकवीरेला नवस बोलून ठेवला होता, मी नको नको बोलत असताना पापलेटाचं कालवन रोज, आनि सातव्या महिन्यात, लाईनीवर उभी असतानाच, माझं पानी गेलं. बाजूच्या पोरीनं बेल्ट थांबवला, सुपरवायझर धावत आला, आनि मी त्याला काय बोलली माहितीये, सर, फरशी पुसून घ्या, कुनी घसरेल. डोकं चालतच नाय बघा त्या टायमाला.

हॉस्पिटलचं नाव नाय सांगत, त्यांचा काय दोष नाय, त्यांनी जीव तोडून केलं. मुलगी झाली. किलोच्या पन खाली, हरेशच्या पंजात मावली असती, पन पंजात द्यायला कुनी तयार नव्हतं, सरळ काचेच्या पेटीत. नाकाला नळी, तोंडात नळी, पायाला वायर. बारसं व्हायचं होतं म्हनून नाव नव्हतं, आय तिला काचेतनं बघून चिमनी बोलली, मग आमी सगळे चिमनीच बोलायचो, फाईलवर फक्त माझं नाव, रेश्माचं बाळ म्हनून.

तिथं एक सिस्टर होती, घाटावरची, बोलायला एकदम कडक. ती बोलली, हिला चोखायची ताकद नाही, पण हिचं खरं औषध तुझ्याकडंच आहे, चल कामाला लाग. मला बसवलं, साबनानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, नखं कापली माझी तिनंच, उकळलेली वाटी हातात दिली आनि दाखवलं, बोटं कुठं ठेवायची, मागं कसं दाबायचं, मग पुढं कसं आनायचं. पयल्या दिवशी वाटीचा तळ पन भिजला नाय. पिवळे, चिकट चार थेंब. मी रडायला लागली. ती बोलली, रडतेस काय, हेच तर पाहिजे, आनि ते थेंब सिरिंजमध्ये खेचून घेऊन गेली पन. मग हळूहळू यायला लागलं, मग तर एवढं यायला लागलं की चिमनीला नळीतनं लागायचं चमचाभर आनि माझ्याकडं वाटी भरून. सिस्टर बोलली, घरी फ्रिज आहे ना, साठव, पुढं लागेल. आनि मग तिनं सगळं सांगितलं, बाटल्या उकळून घ्यायच्या, थोडं थोडं भरायचं, काठापर्यंत नाय कारन गोठलं की फुगतं, वर तारीख नि टाईम लिहायचा, फ्रिजच्या दारात ठेवायचं नाय, आत मागं ठेवायचं, जुनं आधी वापरायचं, ताजं कोमट दूध थंड दुधावर ओतायचं नाय, गॅसवर तापवायचं नाय, बाटली कोमट पान्यात धरायची. आनि एकदा पूर्ण वितळलं की परत गोठवायचं नाय. जंतू वाढतात त्यात, दिसत नाय, वास येत नाय, मोठ्या पोराला एक वेळ पचून जाईल, हिला नाय पचनार.

मला घरी सोडलं, चिमनी तिथंच. रिकाम्या ओटीनं घरी येनं काय असतं ते बाईलाच कळतं, जाऊ दे. आयनं फ्रीजरचा कप्पा माझ्या समोर रिकामा केला, बोंबील, कोलंबी, सगळं बाहेर काढून शेजारी दिलं, खायच्या सोड्यानं तीनदा पुसला, नाक घालून वास घेतला आनि बोलली, हा कप्पा चिमनीचा, यात माशाचा काटा पन जानार नाय. मी तिला सांगायला बसली, आय, हात असे धुवायचे, बाटल्या अशा उकळायच्या, जुनं पुढं, नवं मागं. जुनं पुढं म्हटल्यावर ती हसली, बोलली, मना शिकवतेस. वितळल्याचं मी तिला वेगळं काय सांगितलं का, मला खरंच आठवत नाय. सांगितलं असेल, नसेल पन. बर्फाची गोष्ट कोळनीला कोन सांगनार हो.

रोज सकाळी मी निघायची, खोक्यात बर्फ, बर्फात बाटल्या. तो खोका पन आयनं नवा आनला, मासळीचा नको म्हनून. दिवसभर तिथं बसायची, दूध काढायची, सिस्टर चिमनीला माझ्या छातीवर ठेवायच्या आनि वरनं चादर बांधायच्या, मग तास दोन तास मी हलायची नाय. तिचा श्वास लागायचा मला इथं, बघा, इथं. वजन वाढायला लागलं होतं. थोडं थोडं, पन रोज. सिस्टर पन हसायला लागली होती, एवढी कडक बाई. मी घरी येऊन आयला वजन सांगायची आनि आय मार्केटात जाऊन सगळ्यांना सांगायची, जशी काय पोरगी बोर्डात आली.

त्यात एक दिवस गावात केबलचं काम काढलं. सकाळी मी निघाली आनि मागनं लाईट गेली, ती दिवे लावायच्या टायमाला आली. मला काय पत्ता नाय, मी तिकडं चिमनीला घेऊन बसलेली. घरी आली तेव्हा पंखा चालू, फ्रिज चालू, बाटल्या कप्प्यात जागच्या जागी, दगडासारख्या कडक. मला कुनी काय बोललं नाय. बोलायसारखं काय झालं असं कुनाला वाटलंच नव्हतं.

मग मला ताप आला. छातीत गाठ झाली, हात लावला तरी किंचाळायची मी, दूध कमी झालं, अंगात उभं राहायची ताकद नाय. डॉक्टर मॅडम फोनवर बोलल्या, तू येऊ नकोस, घरी साठवलेलं आहे ते पाठव, तेवढं पुरेल. तर हरेश सकाळी खोका घेऊन जायचा. मी पडल्या पडल्या सांगायची, पुढच्या बाटल्या घे, आनि आय बोलायची, मी दिल्यात बरोबर, तू झोप.

ताप उतरला आनि मी गेली तर पेटीभोवती तीन मानसं उभी. चिमनीचं पोट फुगलेलं, चकाकत होतं, नळीतनं हिरवं येत होतं. दूध बंद केलेलं. आतड्याला इन्फेक्शन झालंय, एवढं मला कळलं, बाकी इंग्लिश. सिस्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, दूध नीट ठेवलं होतं ना, मधे वितळलं वगैरे नाही ना. मी बोलली, नाय सिस्टर, काय बोलता, तुमी सांगितलं तसंच. आनि मला राग आला तिचा, की बाई, मी एवढं करते आनि तू माझ्यावर संशय घेतेस.

बाहेर बाकड्यावर आय बसली होती. मार्केट सोडून आलेली, हाताला माशाचा वास येईल म्हनून लिंबू चोळून आलेली. मी तिच्या बाजूला बसली. तिनं माझा हात धरला आनि मला धीर द्यायला म्हनून बोलायला लागली, की रेश्मा, देवाचं काय ते देव करील, पन तुझ्या दुधात मी काय कमी पडू दिलं नाय, त्या दिवशी लाईट गेलेली, तुना सांगितलं नाय, तू घाबरली असतीस, दुपारी बघितलं तर सगळ्या बाटल्यांचं पानी झायलेलं, मग मी लादी आनली, बारीक केली, मीठ मारलं, बाटल्या त्यात घातल्या, वर गोनपाट टाकून बसून ऱ्हायली बाजूला, संध्याकाळपर्यंत परत दगड केला, एक थेंब वाया जाऊ दिला नाय.

मी तिचा हात सोडला नाय. का नाय सोडला माहीत नाय. मग उठली, बाथरूमला जाते सांगून आत गेली आनि डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बोलल्या, आता उपचार तेच आहेत जे चालू आहेत, आणि त्याच्यामुळंच झालं असं मी सांगू शकत नाही, इतक्या लहान बाळांना हे ताज्या दुधावर पण होतं. मी बोलली, मॅडम, पन त्याच्यामुळं झालं नाय असं तरी सांगा. चांगल्या होत्या, खोटं बोलल्या नाय.

दोन दिवसांनी चिमनी गेली. सकाळ होती, बाहेर सफाईवाल्या बायका हसत होत्या कशावरनं तरी, त्यांना काय माहीत. सिस्टरनं सगळ्या नळ्या काढल्या आनि माझ्याकडं दिली. पयल्यांदा नुसती, नळीशिवाय, चेहरा पूर्ण बघितला तो तेव्हा. हरेशसारखं नाक होतं.

ती गेली, पन दुधाला कोन सांगनार. तिच्या टायमाला बरोबर पान्हा यायचा, कपडे भिजायचे, आईनं सारसोळ्यावरनं येऊन छाती घट्ट बांधली माझी. फ्रीजरमध्ये बाटल्या होत्या अजून, कुनी तो कप्पा उघडत नव्हतं. एक दिवस हरेश त्या होडीत घेऊन गेला आनि खाडीत ओतून आला. रिकाम्या बाटल्या आयनं धुवून माळ्यावर ठेवल्या.

आनि घरात भेटायला येनारे यायचे. प्रत्येकाला आय तेच सांगायची. पोरीचं आयुष्यच नव्हतं, नायतर आमी काय कमी केलं, लाईट गेली तरी दूध बर्फात मीठ मारून ठेवलं, एक थेंब वाया जाऊ दिला नाय. बायका बोलायच्या, हो गो, तू केलंस, तुझ्यासारखी सासू कुठं मिळते. आनि मी आतल्या खोलीत. मला वाटायचं उठावं आनि हिचं तोंड दाबावं. खरं सांगते, लाज नाय वाटत सांगायला, त्या टायमाला ती मेली असती तरी मी रडली नसती.

हरेशला सांगितलं मी. तो जाळं शिवत होता, सुई तिथंच थांबली. मग बोलला, रेश्मा, आईला सांगू नको. तिला कळलं तर ती खाडीत जाईल, तुला माहितीये. मी बोलली, बरं. तिच्यासाठी नाय, त्याच्यासाठी बोलली. पोरगी गेलीच, आता त्याच घरातनं त्याची आई पन जाऊ देऊ काय. पन पोटात राहिलेलं कुठं तरी निघतंच, मग मी तिच्याशी भाजीवरनं भांडायची, झाडूवरनं भांडायची, दूधवाल्याच्या पातेल्याला झाकन का नाय ठेवलं म्हनून एकदा आख्खी गल्ली गोळा केली. ती बिचारी बघत राहायची. बोलायची, पोरगी गेल्यापासनं हिचं डोकं फिरलंय. जे बोलायचं ते सोडून सगळं बोलली मी तिला.

मग काही वर्षांनी हा राहिला, आमचा आयुष. पूर्ण नऊ महिन्यांचा, रडतच बाहेर आला, मला त्या रडन्याचा एवढा आनंद. त्याच हॉस्पिटलात, मीच बोलली तिथंच जायचं. कडक सिस्टर अजून होती, तिनं ओळखलं मला, डोक्यावरनं हात फिरवला. मला कंपनीत परत जायचं होतं, हरेशच्या खाडीवर आता काय राहिलंय, पान्यात केमिकल, जाळ्यात प्लास्टिक, माझा पगार पायजेच. म्हनून सिस्टरनं सोडायच्या दिवशी परत सगळं सांगितलं, दूध काढायचं, ठेवायचं कसं. आय बाजूलाच उभी होती, माझी कपड्यांची पिशवी घेऊन. सिस्टर बोलत बोलत तिथं आली, एकदा पूर्ण वितळलं की परत गोठवायचं नाही, टाकून द्यायचं. मी आयकडं बघितलंच नाय. मला बघवेना. तर आयचाच आवाज आला, बर्फात ठेवलं तरी नाय? सिस्टर बोलली, नाही आजी, बर्फात ठेवलं तरी नाही. मीठ मारलं तरी? सिस्टरला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय, ती हसली, बोलली, आजी, मासे नाहीत ते, बाळाच्या पोटात जातं, विष होतं त्याचं. आय बरं बोलली. खाली बसून पिशवीची गाठ बांधायला लागली. बांधलेलीच होती गाठ.

घरी आल्यावर पोराची दृष्ट काढली, भात टाकला, सगळं नेहमीसारखं. मला वाटलं, कळलं नसेल तिला, बरं झालं. पन त्यानंतर ती एक थेंब वाया जाऊ दिला नायवालं बोलनं तिच्या तोंडून कधी आलं नाय. आनि मी कामावर जायच्या आदल्या आठवड्यात तिनं मार्केटातली नळाजवळची जागा तिच्या भाचीला देऊन टाकली. हरेश बोलला, आई, अगं तुझी जागा. ती बोलली, गुडघे दुखतात. तिचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले हायत.

कंपनीत दूध काढायचं म्हनजे काय विचारू नका. आधी बाथरूममध्ये जा बोलले. मी सुपरवायझरला बोलली, सर, तुमचा डबा बाथरूममध्ये बसून खाता काय. मग फर्स्ट एडची खोली दिली, कडी नाय तिला, बाहेर एक पोरगी उभी करायची. डब्याच्या फ्रिजमध्ये बाटली ठेवली तर कुनी तरी नाक मुरडलं, मी मोठ्यानं बोलली, आयुषचं हाय, चहात घालायला घेऊ नका कुनी. सगळ्या हसल्या, मग कुनी काय बोललं नाय. घरी येताना खोक्यात बर्फाची पाकिटं, जेल असतं आत ती. आनि घरी आय. आयला वाचता येत नाय, पन ती कप्पा असा लावायची की मला बघायला लागायचं नाय, जुनं पुढं, नवं मागं. हात धुवायची तर डॉक्टरसारखी. तरी माझा जीव थाऱ्यावर नसायचा. लाईनीवर उभी असली तरी डोक्यात एकच, गावात लाईट असेल ना. आयची भाची आमच्याच गल्लीत राहते, तिला फोन करून विचारायची, अगो, पंखा चालू हाय काय तुमचा. ती कंटाळली मला.

आनि एक दिवस ती बोलली, नाय गो, सकाळपासनं गेलीय, पोल पडलाय. मी घरी फोन लावला, आय उचलेना. परत लावला, उचलेना. हरेश खाडीत. मी टोपी काढली, ग्लोव्हज काढले, सुपरवायझर बोलला हाफ डे लागेल, मी बोलली आख्खा लावा, आनि रिक्षा पकडली. महापेपासनं दिवाळ्यापर्यंत काय ट्रॅफिक, डंपर, सिग्नल, मी त्या रिक्षावाल्याला एवढ्या शिव्या दिल्या, त्याचा काय दोष. डोळ्यासमोर तेच, आय बसलीय, समोर लादी, हातात मिठाचं पाकीट. सिस्टरचं ऐकलं असेल, पन जन्मभराची हाताची सवय हाय ती, कानानं ऐकलेलं हाताला कुठं कळतं.

घरात शिरली तर आय दारातच बसलेली, आयुष मांडीवर, रडून रडून लाल झालेला. बाजूला फडक्यावर सगळ्या बाटल्या पालथ्या. धुतलेल्या. आय बोलली, टाकलं सगळं. वितळलं व्हतं. पायदळी नको म्हनून जेट्टीवर गेलू याला घेऊन, खाडीत सोडलं, फोन घरातच ऱ्हायला. भुकेला हाय पोरगा, बस, पाज.

मी चप्पल पन काढली नाय, तिथंच बसली, त्याला घेतला. तो असा तुटून पडला, हुंदके देत देत पीत होता. आय समोर बसून बघत होती. हात रिकामे, मांडीवर. ती बोलली, त्या टायमाचं पन टाकायला पायजे व्हतं.

मी बोलली, आय, डॉक्टर मॅडम बोलल्या होत्या, त्याच्यामुळंच झालं असं सांगता येत नाय.

ती बोलली, डॉक्टर तुना बोलली. तू मना कुठं बोललीस. एवढी वर्षं मी लोकांना सांगत व्हतू आनि तू आत बसून ऐकत व्हतीस.

मी आयुषला दुसऱ्या बाजूला घेतलं. रडायला येत होतं मला, पन पाजताना रडायचं नाय बोलतात, म्हनून दाबून धरलं. ती पन रडली नाय. उठली, बाटल्या उकळायला ठेवल्या, आनि मला विचारलं, जेवलीस काय. मी बोलली नाय. तिनं ताट वाढलं, सुक्या बोंबलाचं कालवन होतं, आनि मी जेवली. त्यावर पुढं आमी कधी बोललो नाय. रडनं काय, भांडन काय, आता तेही कमी झालं, भाजीवरनं होतं कधी कधी, तेवढं पायजेच घराला.

आता एक गोष्ट तुमाला सांगते, ती हरेशला पन सांगितलेली नाय. त्या दिवशी पोल पडला तो सकाळी, आनि फ्रीजर भरलेला असला नि उघडला नाय तर लगेच सगळं वितळत नाय. मागच्या बाटल्यांत अजून बर्फाचे खडे असनार. खडे दिसत असले तर ते चालतं, तेवढं टाकायला लागत नाय, सिस्टरनं मला सांगितलं होतं. म्हनजे आयनं त्यातलं निम्मं चांगलं दूध खाडीत ओतलं. जिनं आयुष्यात नरम पडलेला बांगडा टाकला नाय तिनं. मी ते तिला सांगितलेलं नाय, आनि कधी सांगनार पन नाय.

तुमच्याकडं कुनी बाळंतीन असली तर तिला हे सगळं सांगा, आनि तिच्या सासूला पन समोर बसवून सांगा, ती कितीही शहानी असली तरी. देव करो, सगळ्यांची पोरं अंगावर पिऊन मोठी होवोत. आयुष आता डाळभात खातो, बोंबील मागतो, कप्पा परत मासळीचा झालाय, पन त्यात आय अजून पुढची एक जागा मोकळी ठेवते. का ते मी विचारलं नाय.

आली बघा, आवाज येतोय त्याचा. आय, बघ कोन आल्यात, बस, पानी पी आधी. दे त्याला इकडं, पाय बघ कसे चिखलाचे केलेत.